सिनेमा, मालिका, नाटक, गाणी: दुवे वाटायला आणि त्यावर बोलायला मराठी जागा उभी करतोय, सल्ले हवेत

तिसरी_घंटा

मंडळी,

आमच्या नाटकवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मध्यंतरी एकानं जुन्या संगीत नाटकाच्या ध्वनिमुद्रणाचा दुवा टाकला. त्यावर मध्यरात्रीपर्यंत इतकं सुंदर बोलणं झालं! ऑर्गनची साथ कोणाची, पद मुळात कुठल्या बंदिशीवर बेतलंय, वन्समोअर मिळाल्यावर जागा कशा बदलल्यात. चार-आठ दिवसांनी तेच परत वाचायला गेलो तर वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या ढिगातून शोधून काढताना नाकी नऊ आले. आणि ज्यांना त्यात खरोखर रस आहे अशी कितीतरी माणसं त्या ग्रुपात नाहीतच.

म्हणून आम्ही तिघं मिळून एक संकेतस्थळ उभं करतोय. एक दुवा, तो का बघावा याच्या तीन-चार ओळी, आणि खाली चर्चा, बस्स. सिनेमा, रोजच्या मालिका, वेबसिरीज, नाटक, गाणी, मराठी रॅप, कॉमिक्स, व्हिडिओ गेम, सगळं चालेल. राजकारण आणि ताज्या बातम्या नाहीत.

सुरुवात करण्याआधी अशा जागा आधी कोणी कशा चालवल्या ते वाचतोय. माझं मत असं बनलंय की पहिल्या काही महिन्यांत तिथल्या लोकांना जी सवय लागते तीच पुढे कायम राहते. सॉफ्टवेअर, रंगरूप हे सगळं नंतरचं.

मला सगळ्यात जवळचं वाटलं ते मेटाफिल्टर, दुवे टाकून त्यावर चर्चा करायचं इंग्रजी संकेतस्थळ. जुलै १९९९ मध्ये मॅट हॉई यांनी सुरू केलं, ते अजून चालू आहे. तिथले मूळ नियम बघा. स्वतःच्या लिखाणाचा किंवा स्वतःच्या कामाचा दुवा मुख्य पानावर द्यायचा नाही. चोवीस तासांत एकच धागा (म्हणजे एक दुवा आणि त्याखालची चर्चा) काढायचा. प्रतिसाद एकाखाली एक, ज्या क्रमानं आले त्या क्रमानं दिसणार. नापसंतीचं बटण नाही. मधली काही वर्षं नवीन नोंदणी जवळजवळ बंदच ठेवली होती आणि नोव्हेंबर २००४ मध्ये उघडली ती पाच डॉलर फी लावून. पैसे मिळवणं हा काही त्या फीचा मोठा हेतू नव्हता, पण दर वेळी नवा आयडी काढायला पाच डॉलर पडणार म्हटल्यावर डुआयडी (एकाच माणसाची जादा नावं) आणि जाहिरातवाले आपोआप कमी होतात.

दुवा ‘का’ बघावा हे लिहिण्याचा आग्रह मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. समजा कोणी बाबूराव पेंटरांच्या भित्तिपत्रकांवरचा लेख टाकतोय. ‘हे बघा, भारी आहे’ एवढं लिहून दुवा डकवला तर उघडणारे थोडे आणि बोलणारे त्याहून थोडे. त्याऐवजी ‘नाटक कंपन्यांचे पडदे रंगवणाऱ्या या माणसानं कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि सिनेमाची जाहिरातही हातानं रंगवली. लेखातली चित्रं बघताना पडद्यावरची खोली दाखवायची नाटकवाल्यांची पद्धत कुठे कुठे उतरलीय ते शोधा’ असं लिहिलं, तर वाचणाऱ्याच्या हातात काहीतरी येतं. पाहून आलेला माणूस बोलल्याशिवाय जात नाही.

आता माझे प्रश्न. मतं (वर-खाली बाण) ठेवावीत का? स्पॉयलरचं, म्हणजे न बघितलेल्यांसाठी गोष्ट आधीच फोडण्याचं, काय करायचं? आणि फी?

---

जुना_वामा

रुमाल टाकून ठेवतो, संध्याकाळी सविस्तर लिहितो. विषय जिव्हाळ्याचा आहे.

---

पुढचं_स्टेशन

कल्पना आवडली, पण काही गोष्टी स्पष्ट बोलतो.

माझ्या वयाची मुलं दुवे वाटतात ते इन्स्टावर आणि डिस्कॉर्डवर. त्यांना नवीन ठिकाणी नोंदणी करायला लावणं हेच अवघड, त्यात फी लावली तर कोणी फिरकणार नाही. मतांच्या बाणांना विरोध का? रेडिट त्यावरच मोठं झालं. चांगलं वर येतं, टाकाऊ खाली जातं, संपादकाला दिवसभर पहारा द्यावा लागत नाही. क्रमवार प्रतिसाद दहा-वीस असतील तोवर ठीक. तीनशे झाले की नवीन माणूस वाचणार कसा?

आणि मीम्स घ्या. पॉप कल्चर म्हणायचं आणि मीम्सना दार बंद करायचं, हे जमणार नाही.

---

तिसरी_घंटा

@पुढचं_स्टेशन, मीम्सना दार बंद नाही. मीम कुठून आलं, मूळ प्रसंग कोणता, कोणी काय बदललं हे सांगणारा धागा मला हवाच आहे. नुसती चित्रांची रांग नको.

रेडिटची सुरुवात मात्र नीट बघण्यासारखी आहे. जून २००५ मध्ये स्टीव्ह हफमन आणि अलेक्सिस ओहानियन यांनी ते काढलं तेव्हा तिथे प्रतिसादांची सोयही नव्हती, ती काही महिन्यांनी आली. पहिल्या दिवसांत बहुतेक दुवे हे दोघंच वेगवेगळ्या नावांनी टाकत होते, हे त्यांनी पुढे स्वतःच सांगितलंय. आपल्याला खोटी नावं घ्यायची नाहीत. पण त्यातला धडा खरा आहे: दार उघडलं त्या दिवशी आत चांगलं सामान दिसलं पाहिजे, आणि ज्या दर्जाचं सामान दिसेल त्याच दर्जाचं लोक आणतील. आम्ही तिघं आपापल्या खऱ्या आयडींनी आधी भरपूर धागे काढून ठेवणार आहोत.

मतांबद्दल अडचण अशी की जे चटकन पाहून होतं त्याला मत चटकन पडतं. चित्र बघायला दोन सेकंद, लेख वाचायला वीस मिनिटं. लेख वाचून होईपर्यंत चित्र पानाच्या वर गेलेलं असतं आणि लेख दुसऱ्या पानावर. हे कोणी मुद्दाम करत नाही, गणितच तसं आहे. मराठीत आधीच दीर्घ लिखाण वाचणारी माणसं विखुरलेली आहेत, त्यांना पहिल्याच महिन्यात हरवून बसायची माझी तयारी नाही.

---

मेथीची_जुडी

बाणांच्या बाबतीत धागाकर्त्यांशी सहमत. पण मला दुसऱ्याच गोष्टीबद्दल लिहायचंय, ती म्हणजे खुणा. टॅग म्हणा हवं तर.

डिलिशस आठवतंय का कोणाला? जोशुआ शाक्टर यांनी २००३ मध्ये काढलेली वाचनखुणांची साइट. आपण साठवलेला दुवा सगळ्यांना दिसायचा आणि त्याला हव्या त्या खुणा लावता यायच्या. मालिका आणि सिनेमांचे चाहते, विशेषतः फॅनफिक्शन (आवडत्या पात्रांवर चाहत्यांनीच लिहिलेल्या गोष्टी) वाचणाऱ्या बायका, यांनी त्या खुणांची जी रचना बसवली ती कुठल्या ग्रंथपालाला अभिमान वाटावा अशी होती. मालिकेचं नाव, कोणत्या दोन पात्रांची गोष्ट (दोन नावांच्या मध्ये तिरकी रेघ), गोष्ट लहान की मोठी, पूर्ण की अर्धवट, वाचताना त्रास होईल असं काही आहे का. कोणी वरून शिकवलं नव्हतं, एकमेकींचं बघून जमत गेलं.

पुढे याहूनं ती साइट विकत घेतली, मग विकली. सप्टेंबर २०११ मध्ये नव्या मालकांनी ती नव्यानं बांधून आणली तेव्हा खुणांमधली ती तिरकी रेघच चालेनाशी झाली. वर्षानुवर्षांची मांडणी एका दिवसात कोलमडली. बांधणाऱ्यांच्या लेखी ते एक किरकोळ चिन्ह होतं, कारण तिथली सगळ्यात मेहनती माणसं ती साइट कशी वापरतात हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.

त्याच सुमारास पिनबोर्ड नावाची छोटी साइट एकटा माणूस चालवत होता, माचेय त्सेग्वोव्स्की. त्यांनी चाहत्यांना सरळ विचारलं, तुम्हाला काय काय लागतं? सगळ्यांनी मिळून एका गूगल डॉकमध्ये मोठा थोरला आराखडा लिहून दिला, एकमेकांचे मुद्दे खोडत, दुरुस्त करत. त्यांनी त्यातलं बरंच बांधून दिलं आणि माणसं तिकडे गेली. २०१७ मध्ये याच पिनबोर्डनं डिलिशस विकत घेतलं, पस्तीस हजार डॉलरला.

तर माझं म्हणणं, खुणा आधी ठरवून देऊ नका. लोकांना मोकळ्या लिहू द्या आणि मागून कोणीतरी त्या जुळवत राहा. आर्काइव्ह ऑफ अवर ओन या फॅनफिक्शनच्या संग्रहात स्वयंसेवक हेच करतात. लिहिणारा काहीही खूण लावो, स्वयंसेवक ती मुख्य खुणेला जोडतात. २०१९ साली त्या संग्रहाला ह्यूगो हा विज्ञानकथा-अद्भुतकथांचा मानाचा पुरस्कार मिळाला. आपल्याकडे याची किती गरज आहे बघा: ‘पुलं’, ‘पु. ल.’, ‘पु.ल. देशपांडे’, ‘पुल देशपांडे’. माणूस एक आणि चार पानं वेगळी.

हे काम मी करेन. मनापासून सांगते, मला त्यात आनंद मिळतो.

---

विदागार

मेथीताईंनी जे चार ‘पुलं’ सांगितले ते डोळ्यांना तरी दिसतात. न दिसणारे जास्त छळतात.

‘दुसऱ्या’ हा शब्द घ्या. एका कळफलकावर साधा र, हलन्त (पाय मोडायचं चिन्ह), मग एक अदृश्य जोडचिन्ह आणि य असा उमटतो. दुसऱ्यावर नुक्ता (खाली टिंब) असलेला ऱ, हलन्त आणि य असा. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाच्या लेखी शब्द वेगळे. ‘ॲ’ चं तेच, एक अख्खं अक्षर आणि दुसरं अ वर चंद्र. म्हणजे कोणी ‘ॲनिमेशन’ शोधलं तर निम्मे धागे सापडणारच नाहीत. लिहिलेलं साठवतानाच एका रूपात आणायचं आणि शोधाचा शब्दही त्याच रूपात आणायचा, एवढं पहिल्या दिवसापासून केलं तर पुढचा मनस्ताप वाचतो. नंतर करायला गेलात तर जुना सगळा साठा परत चाळावा लागेल.

दुवा दुसऱ्यांदा आला तर ओळखायचा कसा? यूट्यूबचा लांब पत्ता, छोटा पत्ता, मोबाइलचा पत्ता, मागे लागलेलं माग काढणारं शेपूट, सगळे एकाच व्हिडिओकडे जातात. शेपटं छाटून पत्ता एकसारखा करा आणि ‘हा दुवा आधी इथे आलाय, चर्चा वाचा’ असं टाकणाऱ्याला तिथल्या तिथे दाखवा. धागा उडवण्यापेक्षा हे बरं.

तिसरं म्हणजे मेलेले दुवे. प्यू रिसर्चनं २०२४ मध्ये पाहणी प्रसिद्ध केली. २०१३ साली अस्तित्वात असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती. दुव्यांवरच उभी असलेली जागा आहे ही! दुवा आला की इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनला त्या पानाची प्रत घ्यायला सांगा आणि प्रतीचा पत्ता धाग्यातच ठेवा. व्हिडिओ तिथे भरवशानं टिकत नाहीत, म्हणून धागाकर्त्यांच्या त्या तीन-चार ओळी सक्तीच्या करा. व्हिडिओ गेला तरी त्यात काय होतं हे कळायला हवं.

सॉफ्टवेअर नव्यानं लिहीत बसू नका. लॉबस्टर्स ही दुवे वाटायची साइट २०१२ पासून चालू आहे आणि त्याचा कोड खुला आहे. तिथे निमंत्रणाशिवाय प्रवेश नाही आणि कोणी कोणाला बोलावलं त्याचं झाड सगळ्यांना दिसतं. जाहिरातवाला घुसला की त्याला कोणी आणलं ते कळतं. फीऐवजी हे करून बघा, @पुढचं_स्टेशन यांची हरकत निघून जाईल.

---

पुढचं_स्टेशन

निमंत्रणाचं झाड +१. मुलं एकमेकांना बोलावतील, पैसे मागितले तर नाही.

पण मग कॉलेजातली, गावाकडची, ज्यांची कोणाशीच ओळख नाही अशी मुलं कशी येणार? माझी पहिली मराठी रॅप प्लेलिस्ट मला एका अनोळखी माणसानं पाठवली होती. ओळखीपाळखीचंच राज्य झालं तर ती पुणे-मुंबईच्या आठ-दहा मित्रमंडळांची खोली होईल. ज्याला निमंत्रण नाही त्यानं चार ओळी लिहून अर्ज करावा, कोणत्या गोष्टीचं वेड आहे ते सांगावं, आणि त्याला आत घ्यावं. ही सोय ठेवा.

---

तिसरी_घंटा

ठेवतो. उत्तम सूचना आहे. अर्जात नाव-गाव विचारणार नाही, फक्त वेड विचारू.

---

जुना_वामा

आलो एकदाचा. न्यू जर्सीत मुक्काम बराच जुना, त्यामुळे थोडं मागून सुरू करतो.

नव्वदच्या दशकात आम्हा परदेशी पडलेल्यांसाठी यूझनेट या इंटरनेटवरच्या जुन्या चर्चागटांच्या जाळ्यावरचा आरएमआयएम, म्हणजे हिंदी सिनेसंगीताच्या चर्चेचा गट, हा मोठा आधार होता. गाणं कोणी लिहिलं, कोणत्या रागात, रेकॉर्डवर आणि पडद्यावर कडवी वेगळी का, यावर माणसं तावातावानं भांडत. पण त्या भांडणांतून काहीतरी शिल्लक राहिलं, ते म्हणजे आयट्रान्स या लिप्यंतराच्या पद्धतीनं रोमन अक्षरांत टाइप केलेले गाण्यांचे शब्द. प्रत्येकानं दोन-चार गाणी उतरवली, दुसऱ्यानं तपासली, आणि सगळ्यांचं मिळून एक गीतपुस्तक तयार झालं. १९९६ साली मायबोली सुरू झाली तेव्हा हीच भूक मराठीत भागायला लागली.

बोलून झाल्यावर मागे काय उरतं, हे मी प्रत्येक जागेबाबत बघतो. आणि मालकाच्या मनात आलं की उरलेलंही जातं. टेलिव्हिजन विदाउट पिटी नावाची साइट होती, १९९८ मध्ये एका मालिकेच्या भागांची सविस्तर चिरफाड करण्यापासून सुरू झालेली. एकेक भागावर पानंच्या पानं लिहिलेली असत आणि खाली वाचकांची तेवढीच अभ्यासू चर्चा. २००७ मध्ये एका दूरचित्रवाणी वाहिनीनं ती घेतली आणि २०१४ मध्ये बंद केली. आयएमडीबीनं तर फेब्रुवारी २०१७ मध्ये आपले चर्चाफलक बंद करताना लोकांना आपलं लिखाण उतरवून घ्यायला जेमतेम अडीच आठवडे दिले. त्या फलकांवर कचरा होता हे मान्य. पण कुठल्यातरी विसरलेल्या सिनेमाखाली त्या सिनेमाच्या चित्रीकरणाला हजर असलेल्या माणसानं लिहिलेले दोन परिच्छेदही होते, आणि ते त्या कचऱ्याबरोबर गेले.

म्हणून माझी एकच मागणी. प्रत्येक सदस्याला आपलं सगळं लिखाण एका बटणावर उतरवून घेता आलं पाहिजे, आणि जागा बंद करायची वेळ आलीच तर किमान सहा महिन्यांची सूचना द्यायची, हे पहिल्या दिवशी लिहून ठेवा.

पैशांचंही आत्ताच बोला. मेटाफिल्टरचा डोलारा गूगलवरून येणाऱ्या वाचकांवर आणि त्यांना दिसणाऱ्या जाहिरातींवर उभा होता. २०१२ च्या नोव्हेंबरात गूगलनं काहीतरी बदललं आणि ती वर्दळ एकदम घसरली. २०१४ मध्ये पगारी संपादकांना कमी करावं लागलं. ते जाहीर झालं तेव्हा सदस्यांनीच वर्गणी देऊन जागा तगवली. त्यांनी पैसे दिले ते त्या संपादकांवरच्या विश्वासापोटी, वर्षानुवर्षं रोज हजर राहून कमावलेल्या.

---

मेथीची_जुडी

स्पॉयलरचं कोणी बोललंच नाही. मेटाफिल्टरनंच २०१४ मध्ये फॅनफेअर नावाचा वेगळा विभाग काढला, खास मालिका-सिनेमांसाठी. तिथे प्रत्येक भागाचा स्वतंत्र धागा. त्या धाग्यात आलात म्हणजे तुम्ही तो भाग बघितलाय असं धरायचं, आणि पुढच्या भागांबद्दल बोलायचं नाही. कादंबरीवर बेतलेली मालिका असेल तर मूळ पुस्तक वाचलेल्यांसाठी वेगळा धागा. इतकं सोपं. झाकलेला मजकूर, लाल अक्षरातले इशारे, कशाचीच फारशी गरज पडत नाही.

रोजच्या मालिकांना भागाभागाचा धागा परवडणार नाही, त्यांना आठवड्याचा करा. आणि त्यांना नाकं मुरडणाऱ्यांना आवरा. माझी आई, मावशी, शेजारच्या काकू त्या मालिकांवर ज्या बारकाईनं बोलतात, कोणत्या पात्राचा स्वभाव लेखकानं मध्येच कसा फिरवला हे ज्या अचूकपणे पकडतात, ते मला कुठेच लिहिलेलं सापडत नाही.

अजून एक, आणि हे गंभीर आहे. एका सिनेमाप्रेमींच्या गटात मी बरीच वर्षं होते. नटीचा फोटो आला की खाली तिच्या शरीरावरच्या शेऱ्यांची रांग लागायची. तक्रार केली की ‘गंमत आहे, मनावर घेऊ नका’. एकेक करून आम्ही सगळ्या बाहेर पडलो. नंतर तिथे ‘महिला सदस्य का येत नाहीत’ असा धागा निघाला. असा पहिला शेरा येईल तो पहिल्या तासात उडालेला दिसला पाहिजे, आणि का उडवला तेही लिहिलेलं दिसलं पाहिजे.

---

तिसरी_घंटा

मेथीताई, हे शब्दशः नियमावलीत जाईल. संपादकांपैकी निम्म्या तरी बायका असतील, याबद्दल आमच्यात दुमत नाही.

---

वकीलवाडा

धाग्याची वाचनखूण साठवली होती, आता लिहितो.

माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ७९ तुम्हाला संरक्षण देतं, म्हणजे सदस्यानं लिहिलेल्याची जबाबदारी थेट तुमच्यावर येत नाही, पण योग्य ती खबरदारी घेतली असेल तरच. २०२१ च्या नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क साइटवर ठळक द्यावा लागतो. साइट छोटी आहे म्हणून यातून सुटका नाही. तिघांपैकी एकानं ही जबाबदारी घ्या आणि आलेल्या प्रत्येक तक्रारीची नोंद ठेवा.

२०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या लिखाणावरून ज्या कलमाखाली अटक झाली होती ते कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयानं २४ मार्च २०१५ रोजी रद्द केलं. त्यामुळे आता काहीही लिहावं असा समज करून घेऊ नका. बदनामी अजून गुन्हाच आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६. कलाकारांच्या कामावर हवं तेवढं कडक लिहा. त्यांच्या घरातल्या भानगडी, लग्नं, आजारपणं यांना अजिबात थारा देऊ नका. कायदा राहू द्या, ते शोभतही नाही.

कॉपीराइटचं थोडक्यात: भारतात चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं असतो, गीतकाराच्या शब्दांवर त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. त्यामुळे खूप जुना सिनेमा पूर्ण दाखवणारा दुवा बहुधा चालेल, पण त्यातल्या गाण्याचे अख्खे शब्द धाग्यात डकवणं चालेलच असं नाही. चोरून चढवलेल्या नव्या सिनेमाचा दुवा तर दिसता क्षणी काढा.

आणि अठरा वर्षांखालच्यांची माहिती साठवायची असेल तर २०२३ चा विदा संरक्षण कायदा पालकांची संमती मागतो. सुरुवातीला प्रौढांपुरतंच ठेवा, वाचायला सगळ्यांना मोकळं.

---

पुढचं_स्टेशन

डिग या मतांवर चालणाऱ्या दुव्यांच्या साइटचं उदाहरण मीच देतो, माझ्या बाण-समर्थनाच्या विरोधात जात असलं तरी. २०१० च्या ऑगस्टमध्ये त्यांनी नवीन आवृत्ती आणली. मोठ्या प्रकाशकांचे दुवे आपोआप आत यायला लागले आणि लोकांच्या हातातलं खाली ढकलण्याचं बटण गेलं. चिडलेल्या सदस्यांनी मुख्य पान रेडिटच्या दुव्यांनी भरून टाकलं आणि मग खरोखरच तिकडे निघून गेले. दोन वर्षांत साइट तुकड्यांत विकली गेली. म्हणजे बाण ठेवा अथवा ठेवू नका, पण बदलताना आम्हाला विचारा. साइटबद्दल बोलायला साइटवरच एक वेगळा विभाग हवा.

---

तिसरी_घंटा

सगळ्यांचे मनापासून आभार. आम्ही तिघं काल यावर बसलो होतो, ठरलं ते सांगतो.

बाण नाहीत. ‘आवडलं’ची खूण असेल, पण तिच्यानं क्रम बदलणार नाही. प्रतिसाद आले त्या क्रमानं, आणि लांब धाग्यांसाठी ‘तुम्ही इथपर्यंत वाचलंय’ अशी रेघ. प्रवेश निमंत्रणानं किंवा वेडाच्या अर्जानं, फी नाही. स्वतःच्या कामाचा दुवा मुख्य पानावर नाही, पण दर शुक्रवारी ‘आपलं आपलं’ असा एक धागा उघडेल, तिथे आपली शॉर्टफिल्म, गाणं, कॉमिक बिनधास्त टाका. हा अपवाद मी भांडून मिळवलाय, कारण मराठीत नवीन काम करणाऱ्या मुलांना दाखवायला जागाच नाही. भागाचे धागे मेथीताई म्हणतात तसे. लिखाण उतरवून घ्यायचं बटण आणि सहा महिन्यांची सूचना मान्य. साइटबद्दलच्या गप्पांचा विभाग पहिल्या दिवसापासून.

जाहिराती घेणार नाही. पहिल्या वर्षाचा खर्च आम्ही उचलतोय, हिशेब दर तिमाहीला सगळ्यांसमोर.

खुणा जुळवायला मेथीताई आहेत, शोधाचं काम @विदागार बघतील (व्यनि, म्हणजे व्यक्तिगत निरोप केलाय, उत्तर द्या). मालिकांसाठी संपादक मिळाले, रॅप आणि गेमसाठी @पुढचं_स्टेशन यांना गळ घालतोय. नाटक माझ्याकडेच येईल असं दिसतं, पण झाडीपट्टी रंगभूमी आणि गोव्याचं तियात्र यातलं मला फार कळत नाही. गडचिरोली-चंद्रपूरकडचं किंवा मडगाव-म्हापशाकडचं कोणी नियमित प्रयोग बघणारं असेल तर व्यनि करा, तो विभाग त्यांच्याशिवाय उघडायचा नाही असं ठरलंय.

---

जुना_वामा

तियात्र बघणारे एक स्नेही म्हापशाला आहेत, मराठी उत्तम लिहितात. विचारून कळवतो.